रिटेनरचे पैसे कशाचे?

पोरीच्या दातांना लावलेल्या तारांचे ३८ हजार हप्त्याहप्त्यानं भरून झाले होते. शेवटचा हप्ता देताना हात जरा हलकाच झाला होता. आणि तारा काढायच्या दिवशी काउंटरवरनं चिठ्ठी पुढं आली: रिटेनर, वरचा-खालचा, ५,०००. रिटेनर म्हणजे तारा काढल्यावर सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवायची वस्तू. सौ.नं पर्समधनं सुरुवातीचा अंदाजपत्रकाचा कागद काढला. तळाला, सहीच्या रेघेखाली, 'रिटेन्शन वेगळे' एवढंच लिहिलेलं. फसवलं म्हणता येणार नाही. पण एवढा काळ दर महिन्याला पोरीला खुर्चीत बसवून तार आवळली, त्यात एकदाही हे कुणी तोंडानं सांगितलं नाही, हेही खरंच. कोल्हापुरात महाद्वार रोडवर साडीचे दोनशे कमी करून घेतल्याशिवाय न उठणारी आमची सौ. तिथं मात्र गप्प. डॉक्टरच्या दारात भाव करायचा नसतो, हे आपल्याकडं पक्कं ठरलेलं.

मला भाव करायचा नव्हताच. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कॉस्टिंगला आहे. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, दर आला की त्यात धातू किती, वीज किती, कोअर किती, फेटलिंग किती, रिजेक्शन किती धरलंय, हे सुटं करून मांडायचं, हाच दिवसभराचा धंदा. त्यामुळं काचेसारख्या पातळ प्लास्टिकच्या दोन टोप्यांना पाच हजार ऐकलं आणि माझ्या डोक्यात आपोआप रकाने पडायला लागले. डॉक्टर मॅडमना म्हटलं, "देणार नाही असं नाही, पण हे पाच हजार कशाकशाचे, तेवढं सांगा." दुसरा पेशंट बाहेर बसला होता, तरी त्यांनी मला बसवून घेतलं. आधीच्या दीड वर्षाबद्दल मनात जी किरकिर होती ती त्या दहा मिनिटांत बरीच कमी झाली.

सुरुवात त्यांनी पैशापासनं केलीच नाही. म्हणाल्या, दात हाडात सिमेंटनं बसवलेला नसतो, बारीक तंतूंनी टांगलेला असतो. तारांनी दात नव्या जागी नेला की हाडाजवळचे तंतू काही महिन्यांत नव्या जागेला सरावतात. पण हिरडीतले जे लवचिक तंतू असतात ते वर्षभरही ताणलेलेच राहतात आणि दाताला मागं ओढत बसतात. तारा काढल्यानंतरचे पहिले काही महिने म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. त्यातनं पोरीचे खालचे पुढचे दोन दात चांगलेच फिरलेले होते, आणि फिरलेला दात सरळ केला तर तो परत फिरायला टपलेलाच असतो. वर आणखी एक, जे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं: तारा कधीच न लावलेल्या माणसाचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटीवाटी करायला लागतात. मी तिथंच जिभेनं माझे दात चाचपले. बरोबर होतं.

म्हणजे रिटेनर ही तारांची शेपटी नव्हे, तो वेगळा आणि लांबणारा खर्च आहे. हे कळल्यावर ५,००० च्या आकड्याचा अर्थच बदलला. एकदाचे पाच हजार आणि दर दोन वर्षांनी पाच हजार, यात फरक आहे.

प्रकार तीन निघाले. पहिला जुना हॉलीचा. चार्ल्स हॉली नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं शंभरेक वर्षांपूर्वी काढलेला, अजून चालतोय. टाळूला चिकटणारी अ‍ॅक्रिलिकची गुलाबी प्लेट, पुढच्या दातांवरनं जाणारी स्टीलची तार आणि दाढांना धरणारे हुक. तो तुटला तर दुरुस्त होतो, सैल झाला तर आवळता येतो, जपला तर वर्षानुवर्षं टिकतो. दर एका जबड्याला २,५००. दुसरा पारदर्शक, चिठ्ठीतला. हा तसा हॉलीनंतरचा. दिसत नाही, बोलायला सोपा, पण दुरुस्ती नाही. तडा गेला की नवा. तोही जबड्याला २,५००. तिसरा पक्का: पीळ दिलेली बारीक तार खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत दातांच्या मागच्या बाजूला चिकटवून टाकायची. ३,०००. काढायचा-घालायचा प्रश्न नाही, हरवायचा नाही, पण त्याखाली कीटण साठतं आणि फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, सरळ जात नाही, तारेखालनं ओवून घ्यावा लागतो.

कुठला चांगला, असा माझा सरळ प्रश्न. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. घरी येऊन रात्री वाचत बसलो तेव्हा कारण कळलं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१६ चा एक मोठा आढावा आहे, सगळे अभ्यास एकत्र करून बघितलेला. त्यात अमुकच रिटेनर सरस, असं ठामपणे म्हणण्याइतका चांगला पुरावा नाही, असंच लिहिलंय. पारदर्शक रिटेनर दिवसरात्र घातल्यानं दात जागेवर जास्त टिकतात आणि नुसता ठराविक वेळ घातल्यानं कमी, असाही पुरावा त्यांना मिळालेला नाही. मात्र ज्यांच्यावर हे बघितलं ते पेशंट मोजकेच होते. दुसऱ्या दिवशी फोनवर मॅडमना हे सांगितलं तर हसल्या. "म्हणूनच आम्ही तोंड बघून ठरवतो, दर बघून नाही. पण हिला मी पहिले सहा महिने दिवसरात्रच घालायला सांगणार आहे. त्यात चर्चा नाही."

आता दुसरीकडं चौकशी. ही खरं तर दीड वर्षापूर्वी करायची असते, पण बाजार फिरल्याशिवाय माझ्यासारख्याला चैन पडत नाही. राजारामपुरीत एका दवाखान्यात तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवून स्कॅन करतात. तिथं ८,००० सांगितले, पण त्यात स्कॅन, त्याची फाइल आणि दोन जोड. म्हणजे जोडी चार हजाराला, आमच्यापेक्षा हजारानं कमी. चिठ्ठीवर नुसता आठ हजार दिसला असता तर मी महाग म्हणून उठलो असतो. पुण्याच्या मेव्हणीनं बारा हजाराचा आकडा सांगितला आणि आम्हाला कोल्हापूर किती स्वस्त आहे हे ऐकवलं, तिचं नेहमीचंच. ऑफिसातल्या एकानं नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज सुचवलं. वाठारहून वारणेच्या वाटेला लागलं की येतं. कॉलेजात एमडीएसची मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च खासगीपेक्षा बराच कमी असतो, वेळ मात्र हाताशी पाहिजे. ज्याला सुरुवातच करायची आहे त्यानं तिथं आधी जाऊन यावं, असं माझं मत झालंय. आमचं काम दुसरीकडं झालेलं, बारावी तोंडावर, दर वेळी कॉलेज बुडवून तिकडं जाणं जमणारं नव्हतं. कंपनीच्या मेडिक्लेमचं म्हणाल तर एचआरनं वाक्य पुरं व्हायच्या आतच मान हलवली. आमच्या पॉलिसीत दात फक्त अपघातात पडला तर बसतो.

तेवढ्यात मुलीनं आपला निकाल सांगून टाकला. तिला वक्तृत्वाचा नाद. शाहू जयंतीच्या स्पर्धेत नाव दिलेलं. हॉलीची प्लेट टाळूला लागते, सुरुवातीला 'स' आणि 'श' घसरतात, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "पप्पा, 'शाहू महाराज' म्हणतानाच जीभ घसरली तर मी पुढं काय बोलतो?" मॅडम म्हणाल्या, मोठ्यानं वाचलं की काही दिवसांत सवय होते. पण तोंड तिचं. वर पारदर्शक आणि खाली पक्की तार ठरली. २,५०० अधिक ३,०००, झाले ५,५००.

माप घेताना मी आत होतो. असिस्टंटनं रबराच्या वाडग्यात गुलाबी पावडर पाण्यात टाकून ती सपासप घोटली, पुदिन्याचा वास सुटला. ट्रेमध्ये भरून ते वरच्या जबड्यावर दाबलं तशी मुलीला उबळ यायला लागली. असिस्टंट पोरगी वयानं तिच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. "नाकानं श्वास घे, आणि दोन्ही पाय खुर्चीवरनं उचलून धर, खाली टेकवायचे नाहीत," म्हणाली. सगळं लक्ष पायाकडं गेलं आणि उबळ थांबली. मिनिटभरात ते रबरासारखं घट्ट झालं, फटकन काढलं. लगेच ओल्या रुमालात गुंडाळलं, कारण हे माप वाळलं की आकसतं, आणि आकसलेल्या मापावर केलेला रिटेनर बसत नाही. त्यात प्लास्टर जितक्या लवकर ओतलं जाईल तितकं चांगलं.

लॅब शाहूपुरीत होती. मी म्हटलं, बघायला गेलो तर चालेल का? मॅडमना नवल वाटलं, पण फोन केला. सुट्टी झाल्यावर गेलो. छोटी खोली, सगळीकडं पांढरी भुकटी, फळीवर नावांच्या चिठ्ठ्या लावलेले प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. तिथले मामा साठीचे. त्यांनी आमच्या पोरीचा जबडा काढला, नालेच्या आकारात घासून घेतलेला. मशीनच्या कड्यात एक मिलीमीटर जाडीची प्लास्टिकची शीट अडकवली, वर हीटर आणला. शीट तापून मधे पोट सोडल्यासारखी खाली लोंबली, की झटक्यात जबड्यावर दाब दिला. फस्स आवाज. गार झाल्यावर हिरडीच्या कडेकडेनं कापली, कड बफवर गुळगुळीत केली, अंगठा फिरवून बघितला, परत घासली, परत अंगठा. जास्तीत जास्त वेळ त्या अंगठ्यातच गेला.

"मामा, शीट केवढ्याची?"

"शे-दीडशेची. मशीनचं काम पाच मिनिटांचं. जबडा चांगला आला नाही तर मात्र सगळं वाया. खरं काम जबड्याचं."

हे तर आमचंच झालं. फौंड्रीत गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं तेव्हा पॅटर्नचे, म्हणजे ज्याच्यावरनं साचा काढतात त्या नमुन्याचे, पैसे वेगळे लागतात आणि तेच डोळ्यात भरतात. नंतर त्याच पॅटर्नवर शेकडो कास्टिंग निघतात, त्याचा दर वेगळा. आणि पॅटर्न पडून आमच्याकडं असला तरी मालक गिऱ्हाईक असतं, ते कागदावर लिहिलेलं असतं. रिटेनरच्या २,५०० मध्ये शीट शे-दीडशेची, थोडी लॅबची मजुरी, आणि बाकीचे पैसे माप, जबडा, डॉक्टरांचा वेळ, बसवून बघणं आणि पुढच्या तपासण्या यांचे. म्हणजे पहिला रिटेनर महाग असणं रास्तच आहे. पण त्याच जबड्यावर दुसरा काढायचा असेल तर परत २,५०० कशाला?

घ्यायला गेलो तेव्हा मॅडमना हेच विचारलं. "हा प्लास्टरचा जबडा कुणाचा? आमच्याकडं दिला तर चालेल का? आणि पुढं याच्यावरच दुसरा काढायचा म्हटलं तर किती?" त्या क्षणभर थांबल्या. बहुधा असं कुणी विचारत नसावं. मग म्हणाल्या, "न्या की. आम्ही तरी किती साठवणार? काही काळानं टाकूनच देतो. दात हलले नसतील तर याच्यावर नवा १,२०० ला करून देईन. हलले असतील तर मात्र हा उपयोगाचा नाही, परत माप, परत पूर्ण दर." मी चिठ्ठीवर ते लिहून घेतलं. पहिल्या पंधरा दिवसांत कुठं टोचलं, सैल वाटलं तर फुकट, हेही लिहून घेतलं. सौ. बाजूला बघत होती. तिला माझी लाज वाटत होती, पण जबड्याचा खोका तिनंच पिशवीत नीट ठेवला.

वापराच्या सूचना होत्या त्या सांगायलाच पाहिजेत, कारण पुढचा खर्च त्यांच्यावरच ठरतो. खाताना काढायचा, तोंडात असताना फक्त साधं पाणी, चहा नाही. मऊ ब्रशनं गार पाण्यात धुवायचा, टूथपेस्ट लावायची नाही, पेस्टमधल्या खरखरीनं ओरखडे पडतात आणि तो धुरकट दिसायला लागतो. काढला की डबीत, कागदी रुमालात नाही. हॉटेलात रुमालात गुंडाळलेले रिटेनर खरकट्याबरोबर जातात, ही दवाखान्यातली रोजची तक्रार. आणि गरम पाणी अजिबात नाही.

शेवटची सूचना मुलगी पाळत होती. आजीला कुणी सांगितली नव्हती. एका सकाळी डबी बेसिनपाशी राहिली, आईनं बघितली, पोरीच्या तोंडात जाणारी वस्तू म्हणून उकळत्या पाण्यात टाकली. वर आम्हालाच ऐकवलं, "मी म्हटलो, जंतू तरी मरतील. दवाखान्याची वस्तू उकळूनच घ्यायची असते." रिटेनर बाहेर आला तो वाकडातिकडा. तापवून आकार दिलेल्या वस्तूला परत तापवलं, ती आकार सोडणारच. लॅबमधली ती लोंबणारी शीट मला आठवली, पण आईला कोण सांगणार? तिनं तोवर पोरीला बजावायला सुरुवात केली होती, की असल्या लेच्यापेच्या वस्तूला एवढे पैसे देतात व्हय?

इथं खोक्यातला जबडा कामी आला. त्याच दिवशी घेऊन गेलो. आधी मॅडमनी तो मुलीच्या दातांशी ताडून बघितला, काही हललेलं नव्हतं, कारण गडबड लगेच ध्यानात आली होती. आठवडाभर 'बघू नंतर' म्हटलं असतं तर या पहिल्या महिन्यांत तेवढ्यातही दात सरकले असते आणि जबडा गेला असता कचऱ्यात. दुसऱ्याच दिवशी नवा रिटेनर मिळाला, १,२०० त. मामांनी प्लास्टर जपून सोडवलं होतं. कधीकधी शीट काढताना दातांचे टोक तुटतात आणि मग जबडा तेवढ्यावरच संपतो, असं त्यांनी निरोपात कळवलं.

खालच्या पक्क्या तारेनं वेगळा हिसका दाखवला. कागलला मावशीकडं गेली होती, रानात ऊस मोडला आणि पुढच्या दातांनी सोलून खाल्ला. तार एका दातावरनं सुटली. तिला काही कळलंच नाही, जिभेला टोक लागलं तेव्हा ध्यानात आलं. पक्क्या तारेत हा छुपा धोका आहे: एका दातावरचं सिमेंट निघालं तरी तार जागेवरच दिसते, तेवढा एक दात मात्र मोकळा सुटतो. परत चिकटवायला ५०० लागले. मॅडम म्हणाल्या, "कोल्हापुरात राहून ऊस खाऊ नको असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पण सोलून, तुकडे करून, दाढेनं खा."

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा तारेभोवती कीटण धरलं होतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागं लाळेच्या ग्रंथी उघडतात, तिथं ते लवकर साठतं. स्केलिंगचे ८००. फ्लॉस ओवायचा कंटाळा, दुसरं काय. त्याच भेटीत वरचा रिटेनर रात्रीपुरता घातला तरी चालेल, असं सांगितलं. म्हणजे तो आता दिवसा डबीत, आणि तोही थोडा जास्त टिकेल.

पहिल्या वर्षाची बेरीज ८,००० झाली: ५,५००, १,२००, ५०० आणि ८००. चिठ्ठीवर ५,००० होते. यातले १,२०० आईचे आणि ५०० उसाचे, ते सोडले तरी स्केलिंग राहणारच. पुढं वरचा रिटेनर रात्रीपुरता वापरून साधारण दोन वर्षं टिकेल, असं मॅडम म्हणतात. झोपेत दात खात असेल तर त्याआधीच जाईल. हॉली घेतला असता तर तो कदाचित अजून कितीतरी वर्षं बदलावा लागला नसता. नुसत्या पैशाच्या हिशेबानं तोच स्वस्त होता, हे मी पोरीला सांगितलंसुद्धा. तिनं स्पर्धेतल्या दुसऱ्या नंबरचं प्रशस्तिपत्र दाखवलं. विषय संपला.

आता धाकट्या भावाच्या मुलाचं सुरू होतंय. तो पेठेच्या टीमकडनं फुटबॉल खेळतो, तेव्हा मॅचला घालायचा माउथगार्ड वेगळाच लागणार. रिटेनर घालून मैदानात उतरायचं नाही, हे मॅडमनी आधीच बजावलंय. भावानं अंदाजपत्रकाचा फोटो पाठवला. ४०,०००, रिटेनरचा उल्लेखच नाही. त्याला फोन करून म्हटलं, सही करायच्या आधी विचारून घे: रिटेनर यात आहे का, कुठला, किती जोड, पहिला मोडला तर दुसरा कितीला, आणि जबडा किंवा स्कॅनची फाइल आपल्याला मिळणार का. कुरबूर न करता सांगतात, नुसतं विचारावं लागतं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: रिटेनरचा पहिला जोड आतच धरलाय, फाइलही देतो म्हणाले.

पोरगी जूनमध्ये हॉस्टेलला पुण्याला जाणार. प्लास्टरचा जबडा तिच्याबरोबर पाठवून तो मोडून घ्यायचा नाही, आणि तिथं रिटेनर हरवला तर पुण्याच्या दरानं नवा करायचा नाही. म्हणून खोक्यातल्या जबड्यावर आणखी एक वरचा रिटेनर काढून ठेवतोय, १,२००. आणि राजारामपुरीत नुसतं स्कॅन करून फाइल पेन ड्राइव्हवर देतात का, ते विचारलं. देतात म्हणाले, १,००० पडतील. खालची तार आहे तशी स्कॅनमध्ये येणार, ती सुटली तर त्या फाइलवरनं खालचा पारदर्शकही करता येईल. पुढच्या शनिवारची वेळ घेतलीय.